भिंत कुणाची? दगडी प्रवाळ ओळखायला शिकण्याची एक वाट

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाबाहेर पहिल्यांदा मास्क लावून पाण्यात उतरलो, तेव्हा दहा मिनिटं मी प्रवाळ शोधत होतो आणि ती दहाही मिनिटं प्रवाळांवरूनच तरंगत होतो. डोक्यात टीव्हीवर पाहिलेली चित्रं होती: जांभळ्या फांद्या, निळे शेंडे, त्यातून सुळकन जाणारे केशरी मासे. खाली मात्र मळकट तपकिरी ढेकळं. वर येऊन होडीवाल्या काकांना म्हटलं, "इथं तर नुसते दगडच आहेत." त्यांनी वल्ह्यावरचा हातही न हलवता सांगितलं, "दगड नाय तो. जितो आसा."

पुन्हा तोंड पाण्यात घातलं, ढेकळाच्या वीतभर जवळ गेलो, आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारखी शेकडो घरं दिसली. प्रत्येक घराला भिंत, आत नाजूक पडदे, मधोमध एक खळगी.

हा लेख त्या दुसऱ्या नजरेसाठी आहे. मालवण, जामनगरजवळचं नरारा, अंदमान किंवा लक्षद्वीप, कुठंही जाणार असाल आणि परत आल्यावर "रंगीत कोरल पाहिलं" यापेक्षा थोडं जास्त सांगायचं असेल, तर पुढची पद्धत वापरून बघा. हिने तुम्ही बऱ्याचदा प्रजातीपर्यंत नाही, पण गणापर्यंत पोचाल. तेवढं पुरे आहे. नुसत्या फोटोवरून छातीठोकपणे प्रजातीचं नाव सांगणाऱ्या माणसाकडे मी जरा संशयानेच बघतो.

आधी पोवळ्याचा घोळ

मराठीत प्रवाळ म्हटलं की मंगळासाठी अंगठीत घालायचं लाल पोवळं आठवतं. ते भित्ती (रीफ) बांधणारं प्रवाळ नव्हे. दागिन्यांतलं पारंपरिक पोवळं भूमध्य समुद्रातलं, कोरॅलियम गणातलं. त्याच्या इवल्या जीवांना आठ शुंडकं (तोंडाभोवतीचे हातासारखे अवयव) असतात, म्हणून ते अष्टप्रवाळांत मोडतं. त्याचे नातलग म्हणजे समुद्रपंखे आणि मऊ प्रवाळं.

आपण ज्यांच्याबद्दल बोलतोय ती स्क्लेरॅक्टिनिया या गणातली... नाही, 'गण' हा शब्द मी जीनससाठी राखून ठेवतो आणि ऑर्डरला 'श्रेणी' म्हणतो, नाहीतर पुढं गोंधळ होईल. तर स्क्लेरॅक्टिनिया श्रेणीतली दगडी प्रवाळं ही षट्प्रवाळं. यांची शुंडकं आणि आतले पडदे सहाच्या पटीत येतात. संघ निडारिया, म्हणजे जेलीफिश आणि समुद्रफूल यांच्याच भाऊबंदकीतला. खरं तर दगडी प्रवाळाचा एक जीव म्हणजे स्वतःखाली चुन्याचं घर बांधणारं समुद्रफूलच. या जीवाला पॉलिप म्हणतात. तो बांधतो ते घर अ‍ॅरगोनाइट नावाच्या स्फटिकरूपातल्या कॅल्शियम कार्बोनेटचं असतं. पॉलिप स्वतःची प्रतिकृती काढत जातो, घराला घर लागत जातं आणि वसाहत तयार होते.

स्क्लेरॅक्टिनियाच्या सोळाशेच्या आसपास प्रजाती आज माहीत आहेत. त्यांतल्या साधारण निम्म्याच उथळ, उबदार पाण्यात राहून भित्ती बांधतात. उरलेल्या अंधाऱ्या, थंड, खोल पाण्यात निमूटपणे जगतात आणि तुमच्या-माझ्या वाट्याला येत नाहीत.

निघण्यापूर्वी: पंचांग, पट्टी, कायदा

पंचांग खरंच लागतं. चालत बघायचं असेल, म्हणजे नराऱ्यासारख्या ठिकाणी, तर अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे जा. उधाणाच्या दिवसांत ओहोटीचं पाणी सगळ्यात खाली जातं. कोकण किनाऱ्यावर या दिवसांत भरती दुपारी बाराच्या आसपास आणि ओहोटी पहाटे-संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास येते, त्यामुळे उजेडाचं गणित आधी जमवा. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे मंद भरती-ओहोटीच्या दिवसांत, ओहोटी सोयीच्या वेळी, भर दुपारी असते, पण पाणी धड उतरतच नाही. कच्छच्या आखातातल्या वेळा वेगळ्या आहेत आणि तिथली भरती-ओहोटीची उंची मालवणच्या दुपटीहून जास्त. पाणी परत येतं तेही झपाट्याने, म्हणून तिथं वनखात्याच्या वाटाड्याशिवाय पुढं जाऊ नका. पोहून बघायचं असेल तर उलट भांगच बरा: ओढ कमी, ढवळलेला गाळ कमी. जून ते सप्टेंबर पश्चिम किनारा विसरा. डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात छान.

सोबत घ्या: नीट बसणारा मास्क, जवळून फोटो काढता येईल असा पाण्यात चालणारा कॅमेरा, मिलिमीटरच्या खुणा असलेली सहा इंची प्लॅस्टिकची पट्टी दोरीने मनगटाला बांधलेली, आणि खरखरीत पांढऱ्या प्लॅस्टिकचा तुकडा व शिसपेन्सिल. पाण्याखाली पेन्सिल झकास चालते. सनस्क्रीन थापण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा स्विमसूट घाला. काही सनस्क्रीनमधली रसायनं प्रवाळांना बाधतात, आणि पाठ भाजण्याचा प्रश्नही सुटतो.

कायद्याचं मात्र गमतीत घेऊ नका. दगडी प्रवाळांच्या सगळ्या प्रजाती २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. किनाऱ्यावर वाहून आलेला मेलेला पांढरा तुकडाही पिशवीत टाकायचा नाही. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद. अंदमानहून परतताना विमानतळावर पिशव्या उपसून शिंपले-प्रवाळं काढून घेतात ते याच कायद्यान्वये. आपली सगळी ओळख-परेड त्यामुळे नजरेने आणि कॅमेऱ्यानेच करायची आहे. हात लावायचा नाही, पाय ठेवायचा नाही, पट्टीही टेकवायची नाही. फक्त शेजारी धरायची.

पायरी पहिली: हे दगडी प्रवाळ आहे तरी का?

पश्चिम किनाऱ्यावर सगळ्यात जास्त फसवतात ती झोअँथिड. कोकणातल्या खडकाळ किनाऱ्यांवर ओहोटीला हिरव्या-तपकिरी बटणांची सतरंजी अंथरलेली दिसते ना, ती हीच. षट्प्रवाळच, पण सांगाडा नाही. कडेला शुंडकांच्या दोन रांगा आणि एकूण पोत चामड्यासारखा. यांतल्या पॅलिथोआ गणात जबर विष असू शकतं, म्हणून "मऊ आहे का बघू" असा प्रयोग बोटाने करू नका.

मऊ प्रवाळं ओळखणं सोपं. पॉलिप उघडे असतील तर शुंडकं मोजा: नेमकी आठ, आणि प्रत्येकाला पिसासारखे बारीक फाटे. पाण्याच्या हेलकाव्याबरोबर सगळी वसाहतच झुलत असेल तर मोजायचीही गरज नाही.

मग येतात तीन बहुरूपी. यांना खरोखरच कडक सांगाडा असतो, भित्ती बांधायला हातभारही असतो, पण तरीही ही दगडी प्रवाळं नव्हेत. मिलेपोरा, म्हणजे अग्निप्रवाळ: मोहरीसारखा पिवळट रंग, पांढरट कडा, आणि वाट्यांऐवजी (वाटी म्हणजे एका पॉलिपचं घर) टाचणीने टोचल्यासारखी भोकं. हा हायड्रॉइडांच्या कुळातला. चुकून हात लागला तर चुना लावल्यासारखी आग होते. दुसरं हेलिओपोरा, निळं प्रवाळ: वरून करडं-तपकिरी, तुटलेल्या जागी मात्र निळंशार. तिसरं ट्युबिपोरा, सनईच्या नळ्या एकमेकींना चिकटवून ठेवाव्यात तसं, लालभडक सांगाड्याचं. ही दोन्ही अष्टप्रवाळं. मालवणात ती शोधत बसू नका, अंदमानात मात्र भेटतील.

दगडी प्रवाळाची खूण एकच: वाटी आणि तिच्यात परिघाकडून मध्याकडे येणारे उभे पडदे. लिंबाची आडवी फोड आठवा. ही रचना दिसली की पुढची पायरी चढा.

पायरी दुसरी: भित्ती बांधणारं की नुसतं राहणारं?

भित्ती बांधण्याचं बळ या जीवांचं एकट्याचं नाही. पॉलिपच्या पेशींत झूझॅन्थेली नावाची एकपेशीय शैवालं भाडेकरू म्हणून राहतात. ती उन्हात अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतात. काही प्रवाळांची ऊर्जेची नव्वद टक्क्यांपर्यंत गरज यातून भागते. एवढी आवक असल्यामुळेच त्यांना चुन्याचे इमले भराभर चढवता येतात. तपकिरी-हिरवट रंग मुख्यतः याच भाडेकरूंचा. म्हणून मी म्हणेन, मालवणच्या मळकट ढेकळाला नाक मुरडू नका. तो मळका रंग म्हणजे भरलेलं कोठार.

उलट, सावलीतल्या कपारीत किंवा बुडालेल्या जहाजाच्या पोटाखाली भडक नारिंगी, पेल्यांसारख्या वाट्या दिसल्या तर ते बहुधा ट्युबॅस्ट्रिया. अस्सल दगडी प्रवाळ, पण शैवाल नाही, म्हणून ऊन नको आणि भित्तीही नाही. नवख्यांच्या अल्बममधला सर्वांत देखणा फोटो हमखास याचा असतो.

पायरी तिसरी: आकार टिपा, पण त्याच्या भरीला पडू नका

चार हात लांबून वसाहतीचा आकार वहीत लिहा. फांद्या, टेबल, बोटं, पान, पापुद्रा, ढेकूळ, खांब, किंवा तळाशी सुटं पडलेलं. एवढे प्रकार कामचलाऊ पुरतात.

आकारावरून वाढीचा अंदाज येतो. फांद्यांचं अ‍ॅक्रोपोरा अनुकूल जागी वर्षाला दहा सेंटिमीटर किंवा अधिकही वाढतं, तर पोराइटिसचं ढेकूळ सेंटिमीटरभर. म्हणजे खाटेएवढं पोराइटिस दिसलं तर ते तुमच्या पणजोबांच्या आधीपासून तिथं असणार. झाडाच्या वाढवलयांसारखे त्याच्या सांगाड्यातही वर्षावर्षाचे पट्टे असतात.

पण आकारावर नाव ठरवलंत तर फसलात. एकच प्रजाती लाटा फुटतात तिथं आखूड, जाडजूड होते आणि शांत खोल पाण्यात लांब, बारीक. उजेड कमी पडला की ढेकळासारखी वाढणारी वसाहत ताटासारखी पसरते. रंगाचं तर विचारूच नका. एकाच खडकावर एकाच प्रजातीची एक वसाहत हिरवी आणि शेजारची गुलाबी असू शकते. जुन्या संशोधकांनी अशा एकेका प्रजातीला पाच-पाच नावं देऊन ठेवली होती, मग आपलं काय.

पायरी चौथी: वाटी मोजा

आता जवळ जा. वाटीशेजारी पट्टी धरून फोटो काढा. एका आकड्यात अर्धी यादी गळून पडते.

वाट्या मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या, नुसत्या डोळ्यांना जेमतेम ठिपके: अ‍ॅक्रोपोरा, मॉन्टिपोरा, पॉसिलोपोरा, पोराइटिस यांचा मोहल्ला. तीन-चार मिलिमीटरपासून सेंटिमीटरभर: ढेकूळवाल्यांचं मोठं गणगोत, म्हणजे गोनिअ‍ॅस्ट्रिया, फॅव्हाइटिस, डिप्सॅस्ट्रिया. तीन सेंटिमीटर किंवा त्याहून मोठ्या, मांसल: लोबोफायलिया. आणि अख्खी वसाहत म्हणजे एकच वाटी, अळंबी उलटी ठेवावी तशी, वाळूवर सुटी: फंजिया आणि तिची भावंडं. फंजिया लहानपणी देठाने खडकाला चिकटलेली असते, मोठी झाली की देठ सोडते. तळाशी सुटी पडलेली दिसली म्हणून ती मेलेली आहे असं समजून उचलू नका, हे विशेष करून सांगतो.

पायरी पाचवी: भिंत कुणाची?

सगळ्या लेखातली एकच पायरी लक्षात राहणार असेल तर ती ही असू दे. दोन शेजारी वाट्यांच्या मधे नजर लावा आणि स्वतःला विचारा: मधली भिंत एक आहे की दोन?

*चाळ.* दोन खोल्यांत मिळून एकच सामाईक भिंत. वाट्या एकमेकींना इतक्या खेटलेल्या की बहुकोनी झालेल्या, पोळ्यासारख्या. फॅव्हाइटिस आणि गोनिअ‍ॅस्ट्रिया चाळीत राहतात.

*बंगले.* प्रत्येक वाटीची स्वतःची गोल भिंत, आणि दोन भिंतींमधे बोळ. भिंतीवर बोट फिरवायची मुभा असती तर दोन वेगळे उंचवटे लागले असते. डिप्सॅस्ट्रिया बंगल्यातली. सायफॅस्ट्रियाही, फक्त तिचे बंगले एक-दोन मिलिमीटरचे आणि मधल्या अंगणात वाळू सांडल्यासारखे कण.

*भिंती पाडून केलेला हॉल.* वाट्या एकमेकींत उघडून नागमोडी दऱ्या झालेल्या. वरून बघितलं तर अक्रोडाचा गर किंवा मेंदू. प्लॅटीजायरा हे त्याचं नेहमीचं उदाहरण. दऱ्या अगदी एकसारख्या रुंदीच्या, कंगव्याने ओढल्यासारख्या दिसल्या तर लेप्टोरियाचा विचार करा.

*मनोरे.* प्रत्येक वाटी उंच नळीच्या टोकाला, नळ्या फक्त बुडाशी जोडलेल्या. लोबोफायलिया पुष्कळदा अशी असते, पण वरच्या मांसामुळे नळ्या झाकल्या जातात आणि ती सलग गादी वाटते. कडेला जाऊन खालून बघा.

*मांडव.* भिंतीच नाहीत. एका मध्यापासून निघालेले पडदे तसेच पुढं दुसऱ्या मध्यापर्यंत जातात, जसे मांडवाचे दोर खांबाखांबाला. पाव्होनाच्या पानांवर हे फार सुंदर दिसतं.

आणि एक उफराटा प्रकार: दऱ्यांऐवजी टेकड्या. हिडनोफोरामधे भिंतीचे तुकडे पडून छोटे सुळके उरलेले असतात आणि पॉलिप त्यांच्या पायथ्याशी राहतात. फणसाची साल म्हटलं की मला तेच आठवतं.

चाळ की बंगला हा निर्णय नेहमीच सोपा नसतो. वसाहतीच्या माथ्यावर वाट्या दाटीत असतात, कडेला मोकळ्या होतात. म्हणून निदान तीन ठिकाणी बघा आणि बहुमत घ्या. दिवसा पॉलिप आत ओढलेले असतात तेव्हाच भिंत नीट कळते. रात्री शुंडकं बाहेर आली की सगळं प्रवाळ मखमल होतं आणि आपली पद्धत निकामी.

पायरी सहावी: वाटीच्या आत

आता फोटो मोठा करून घरी बघायचं काम. गोनिअ‍ॅस्ट्रिया आणि फॅव्हाइटिस दोघेही चाळकरी. फरक असा की गोनिअ‍ॅस्ट्रियाच्या पडद्यांची आतली टोकं उंचावलेली असतात आणि मध्याभोवती त्यांचा नीटस मुकुट दिसतो, वाट्याही सहसा लहान. फॅव्हाइटिसच्या वाट्या मोठ्या, मुकुट बेताचा किंवा नाहीच.

गॅलॅक्सियाच्या पडद्यांची टोकं वाटीबाहेर तलवारीसारखी वर येतात, खडीसाखरेचे खडे उभे रोवल्यासारखी. पोराइटिसची वाटी इतकी उथळ की भिंग असूनही आत खळगा सापडत नाही, नुसती नक्षी. पण त्याच्या ढेकळावर निळे-पिवळे स्प्रिंगसारखे ख्रिसमस ट्री किडे दिसले तर ओळख सोपी होते, त्यांना राहायला पोराइटिस फार आवडतं.

फांदीवाल्यांसाठी वेगळी युक्ती आहे: फांदीचं टोक बघा. टोकाला एक स्वतंत्र, ठळक वाटी आणि बाजूंनी तिची प्रजा, असं दिसलं तर अ‍ॅक्रोपोरा. शंभराहून जास्त प्रजातींचा हा सर्वांत मोठा गण, आणि तरीही ही एक खूण त्याला पुरते. टोकाला अशी पाटलीण नसेल आणि फांदीवर मस्से मस्से असतील, मश्शांवरही वाट्या असतील, तर पॉसिलोपोरा. मॉन्टिपोराला टोकाची वाटी नसतेच. वाट्यांमधल्या जागेवर मात्र बारीक काटे-गाठी असतात, आणि पान, पापुद्रा, फांदी असं कुठलंही रूप ते घेऊ शकतं.

एक अपवाद भर दिवसा पॉलिप बाहेर काढून बसणाऱ्यांचा. लांब देठांवर डुलणाऱ्या फुलांचा गुच्छ दिसला तर शुंडकं मोजा: चोवीस असतील तर गोनिओपोरा, बारा असतील तर अल्विओपोरा. इथं मोजणी पुरते, पट्टीची गरज नाही.

पायरी सातवी: नावाच्या उतरंडीत बसवणं

इथं तुमच्या हातातलं जुनं पुस्तक तुम्हाला दगा देईल, म्हणून थोडा इतिहास. विसाव्या शतकात वर्गीकरण सांगाड्यावरून होत असे. जॉन वेल्स यांनी १९५६ मधे केलेली मांडणी पुढची चार दशकं प्रमाण होती. १९९६ मधे डीएनए तपासल्यावर कळलं की स्क्लेरॅक्टिनियाचे मुळातच दोन मोठे घराणे-फाटे आहेत: 'कॉम्प्लेक्स', ज्यांचा सांगाडा बहुधा सच्छिद्र आणि हलका (अ‍ॅक्रोपोरा, पोराइटिस, टर्बिनेरिया), आणि 'रोबस्ट', ज्यांचा बहुधा भरीव (पॉसिलोपोरा, फंजिया, ढेकूळवाली मंडळी). फांद्या असलेले अ‍ॅक्रोपोरा आणि पॉसिलोपोरा सख्खे वाटतात आणि निघतात दोन टोकांचे.

खरा धक्का २००४ मधे बसला. अटलांटिकमधली 'फॅव्हिया' आणि आपल्याकडची 'फॅव्हिया' दिसायला एक, रक्ताने मात्र परक्या, असं सिद्ध झालं. फॅव्हिडी कुळाचं नाव अटलांटिककडे राहिलं. आपल्या समुद्रातल्या मंडळींची रवानगी मेरुलिनिडी कुळात झाली आणि २०१२ पासून आपली फॅव्हिया डिप्सॅस्ट्रिया झाली. या सगळ्या गुंत्याला खुद्द शास्त्रज्ञांनीच थट्टेने 'बिगमेसिडी', म्हणजे महागोंधळ कुळ, असं नाव दिलं होतं. नंतर सिम्फायलियाही लोबोफायलियात विरघळली. त्यामुळे पुस्तकात फॅव्हिया किंवा सिम्फायलिया दिसलं तर पुस्तक चूक म्हणू नका, जुनं म्हणा. आजचं मान्य नाव 'वर्ल्ड रजिस्टर ऑफ मरीन स्पीशीज' या संकेतस्थळावर पडताळून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

सुदैवाने आपली भिंतीची युक्ती या उलथापालथीत टिकून राहते. कुळाचं नाव बदललं तरी चाळ ती चाळच.

तीन ठिकाणं, तीन अपेक्षा

मालवण सागरी अभयारण्य १९८७ मधे जाहीर झालं, क्षेत्र साधारण २९ चौरस किलोमीटर. इथलं पाणी गाळाचं, पावसाळ्यात गोडं पाणी मिसळणारं. असल्या पाण्यात तग धरतात ती ढेकळं आणि पापुद्रे: पोराइटिस, गोनिअ‍ॅस्ट्रिया, फॅव्हाइटिस, सायफॅस्ट्रिया, गोनिओपोरा. राखाडी पार्श्वभूमीवर पांढऱ्या भिंतींचं बारीक जाळं दिसलं तर स्यूडोसायडरॅस्ट्रिया. टर्बिनेरियाची ताटं-वाडगेही इथं आहेत. त्यांच्या वाट्या स्वतंत्र आणि उठावदार असतात. विजयदुर्गापासून सुमारे शंभर किलोमीटर आत समुद्रात, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा आंग्रिया बँक हा बुडालेला पठारी भाग आहे. तिथलं पाणी स्वच्छ आणि प्रवाळं कितीतरी वैभवशाली, पण त्याचा माथाच वीसेक मीटर खोल. ते शिकलेल्या डायव्हरांचं काम.

मुंबईकरांनी लांब जायचीही गरज नाही. कोस्टल रोडच्या कामात, २०२० मधे, हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरच्या प्रवाळ वसाहती काढून दुसरीकडे लावाव्या लागल्या, तेव्हा कित्येकांना पहिल्यांदा कळलं की इथंही प्रवाळ आहे. त्यांत औलॅस्ट्रिया होतं: रुपया-दोन रुपयांच्या नाण्यांएवढ्या वसाहती, काळ्या-पांढऱ्या झेब्र्यासारख्या. गढूळ पाण्याचं याला काही वाटत नाही.

नरारा हे १९८२ च्या कच्छ सागरी राष्ट्रीय उद्यानाचा भाग. गुडघाभर पाण्यातून चालत ढेकूळवाल्यांचा अभ्यास करायला याहून चांगली शाळा मला माहीत नाही. चाळ आणि बंगला शेजारी-शेजारी बघायला मिळतात. या आखातात अ‍ॅक्रोपोराचे जुने, मेलेले तुकडे सापडतात: कधीकाळी ते इथं होतं याची खूण.

फांद्या, टेबलं, फंजिया, लोबोफायलिया हा सगळा थाट अंदमानात आणि लक्षद्वीपच्या कंकणद्वीपांत. तिथं पहिल्या दिवशी नावं घालायला जाऊच नका. एक दिवस नुसतं बघा, डोळे ताळ्यावर येऊ द्या. दुसऱ्या दिवशी एकच गण ठरवून घ्या, समजा पॉसिलोपोरा, आणि दिसेल तिथं तेवढाच टिपा.

जिवंत, फिकट, मेलेलं

ओळखीइतकीच ही नोंद मोलाची. जिवंत प्रवाळाला रंग असतो आणि पृष्ठभाग किंचित ओलसर-मांसल चमकतो. समुद्र नेहमीपेक्षा अंशभर जरी जास्त तापून तसाच काही आठवडे राहिला, तर भाडेकरू शैवालं बाहेर पडतात आणि पारदर्शक मांसाखालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. याला विरंजन म्हणतात. पांढरं झालेलं प्रवाळ मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी लवकर निवलं तर सावरतंही. नीट बघितलं तर पांढऱ्यावरही शुंडकांची टोकं दिसतात. मेलेल्याच्या वाट्यांवर मात्र थोड्याच दिवसांत हिरवट-तपकिरी शेवाळाची लव चढते, आणि लांबून ते पुन्हा 'जिवंत तपकिरी' वाटू लागतं. फसू नका, पडद्यांच्या कडा स्पष्ट आहेत का तेवढं तपासा. लक्षद्वीपने १९९८, २०१० आणि २०१६ मधे ही होरपळ सोसली. एप्रिल २०२४ मधे चौथं जागतिक विरंजन जाहीर झालं तेव्हा ती बेटं पुन्हा त्याच्या तावडीत होती.

वहीत काय लिहायचं

माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देतो, स्वरूप कळावं म्हणून:

"मालवण, किल्ल्याची पश्चिम बाजू. खोली दीड मीटर, पाणी गढूळसर. ढेकूळ, फुटबॉलएवढं. वाट्या ४ मिमी, बहुकोनी. भिंत सामाईक (माथा, मध्य: दोन्हीकडे; कडेला मोकळी). मुकुट आहे. रंग तपकिरी, तळ हिरवा. माथ्यावर तळहाताएवढा भाग फिकट. गोनिअ‍ॅस्ट्रिया."

प्रत्येक वसाहतीचे तीन फोटो: पूर्ण आकार, हातभर अंतरावरून, आणि पट्टीसकट वाट्या. तिसरा नसेल तर पहिल्या दोघांचा उपयोग फक्त घरच्यांना दाखवायला. फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलेत तर जाणकार दुरुस्त्या सुचवतात, पण तिथं अचूक ठिकाण झाकून ठेवण्याची सोय आहे ती वापरा, कारण प्रवाळ चोरणारेही नकाशे वाचतात.

वर दिलेल्या नोंदीच्या आदल्या पानावर, त्याच सकाळी, त्याच ढेकळासमोर लिहिलेली ओळ अजून आहे. मी ती खोडलेली नाही. "बंगले. डिप्सॅस्ट्रिया, नक्की." तेव्हा मी फक्त कड बघितली होती.